दवंडीच्या मुलीची नोटीस

आमच्या ऑफिसातल्या शिपायाला सगळे दवंडी म्हणायचे. तोंडावर नाही हं, तोंडावर भाऊ. पण पाठ वळली की दवंडी. भाऊंना ते माहीत होतं आणि खरं सांगू का, आवडायचंसुद्धा! एकदा एक नवखा माणूस माझ्या खिडकीशी येऊन विचारतो, "बाई, दवंडी कुठे भेटतील?" मी जीभ चावली. तर भाऊ मागून म्हणतात, "मीच तो. बोला, काय खबर?"

विवाह नोंदणीचं आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून आलं की उजव्या हाताला माझी खिडकी, समोर बाकडी आणि बाकड्यांच्या वर भिंतीवर काचेची पेटी. ज्या दोघांना लग्न करायचंय त्यांची नोटीस ह्या पेटीत महिनाभर लावायची. नाव, वय, धंदा, पत्ता, आधी लग्न झालेलं होतं की नव्हतं. कोणाची हरकत असेल तर त्यानं महिन्याच्या आत लेखी द्यावी. हरकत आली की गाडी जागच्या जागी थांबते आणि चौकशी लागते. आणि सरकारी चौकशी म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. पेटीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली भाऊंच्या कमरेला.

नोटीस लावायची, एवढंच त्यांचं काम. पण नुसती लावली तर ते भाऊ कसले! टाचण्या टोचून झाल्या की दोन पावलं मागे यायचे, कपाळावरचा चष्मा खाली ओढायचे आणि बाकड्यांवरच्या मंडळींना सगळ्या नोटिसा मोठ्यानं वाचून दाखवायचे. म्हणे पूर्वी कधी एका आजोबांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी वाचली. तेव्हापासून लागली ती सवय. लोकही वाट बघायचे. ज्यांचं ऑफिसात काही काम नाही अशी दोन-चार रिकामटेकडी माणसं रोज सकाळी फक्त ऐकायला येऊन बसायची. मी खिडकीतून ओरडायचे, "भाऊ, हे ऑफिस आहे, नाटकाचं थिएटर नाही!" पालथ्या घड्यावर पाणी.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक. संध्याकाळी घरी जाताना वाटेत जे जे पत्ते लागतील, तिथे भाऊ थांबायचे. "काय, घरात कार्य काढलंय म्हणे!" ज्यांना ठाऊक असायचं ते हसायचे, चहा पाजायचे. ज्यांना ठाऊक नसायचं त्यांचे चेहरे पडायचे. भाऊ मात्र दोन्हीकडे तेवढ्याच आनंदानं सांगायचे. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ना, तसलं ते तोंड.

वाईट माणूस होते का? मुळीच नाही. माझी आई आजारी पडली तेव्हा रक्त द्यायला अख्खी गल्ली भाऊंनीच उभी केली. कोणाची खोली रिकामी झाली, कोणाच्या पोराला नोकरी हवी, हे त्यांच्या जिभेवर असायचं आणि त्या जिभेनं कितीतरी लोकांचं भलंही केलं. कोणाकडून चहापलीकडे कधी काही घेतलं नाही. आणि टोकलं की एकच उत्तर, "मी खोटं कुठे बोलतो, बाई? जे आहे तेच सांगतो."

लोक आपलं ठेवतात झाकून आणि दुसऱ्याचं बघतात वाकून. भाऊंना झाकणंच माहीत नव्हतं, ना दुसऱ्याचं, ना स्वतःचं. त्यांची एकुलती एक मुलगी. शिकलेली, कामसू, जराशी अबोल. बापानं सगळं बोलून टाकल्यावर तिच्या वाट्याला बोलायला राहणार तरी काय! तिचं लग्न ठरलं होतं एकदा. दोन्हीकडची पसंती झाली, दिवस ठरवायचा राहिला होता. मुलाकडची मंडळी बोलणी करायला आली आणि चहा पिता पिता भाऊ म्हणाले, "लहानपणी एकदा तापात हिला झटका आला होता बरं का. पुन्हा काही नाही. पण आपण आपलं सांगितलेलं बरं." मंडळी चहा संपवून उठली ती पुन्हा आली नाहीत. बरं, लग्न मोडलं ते मोडलं, ते का मोडलं हेसुद्धा भाऊंनी गावभर सांगितलं! वर छाती पुढे काढून, "आपल्याकडे लपवाछपवी नाही." त्यानंतर वर्षभरात मुलगी परदेशी निघून गेली. तिथल्या वृद्धाश्रमात नोकरी मिळाली होती. भाऊंनी तीही बातमी वाटली.

आता परदेशातल्या लग्नाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लोकांना वाटतं, विमानात बसलं की आपण इथल्या कायद्यातून सुटलो. कसचं काय! तिकडचं विवाह कार्यालय परक्या माणसाला सहजासहजी परवाना देत नाही. ते म्हणतात, तू तुझ्या घरी आधीच लग्न करून आलेला नाहीस कशावरून? तुझ्या गावच्या कार्यालयाचा दाखला आण. आणि तो दाखला आम्ही द्यायचा तर आधी नोटीस. तीही कायमचा पत्ता जिथला, तिथेच. तुम्ही समुद्राच्या पलीकडे जा नाहीतर डोंगराच्या, तुमचं नाव महिनाभर आमच्या पेटीत लटकणारच. मग दाखला, मग त्यावर वरच्या ऑफिसचा शिक्का. तो कागद बघून तिकडचे लोक लग्नाची तारीख देतात. तोही कागद फार दिवस चालत नाही, शिळा झाला की पुन्हा पहिल्यापासून. अशा अर्जाचा कागद हिरवा असतो. भाऊंचा फार लाडका. हिरवा कागद म्हणजे दूरची बातमी.

असाच एक हिरवा कागद पूर्वी आला होता, टेलरच्या मुलीचा. मुलगा आपल्याच ओळखीतला, नोकरी परदेशात, तेव्हा सुट्टीवर आलेला. दोघांनी तिकडे जाऊन लग्न करायचं ठरवलेलं, घरी अजून सांगितलेलं नव्हतं. भाऊ पँट अल्टर करायला टेलरकडे गेले आणि सांगून आले. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे सख्खे भाऊ येऊन हरकत देऊन गेले. मुलगी पुन्हा कधी दिसली नाही. मुलगा मात्र महिना संपेपर्यंत रोज यायचा, पेटीखालच्या बाकड्यावर बसायचा आणि विचारायचा, "ती आली होती का?" भाऊ त्याला पाणी द्यायचे, पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "मन मोठं कर, बाळा." मला इतका संताप यायचा की काय सांगू! पण भाऊंना त्याचं दुःख आणि आपली जीभ ह्यांचा काही संबंध आहे, असं कधी वाटलंच नाही.

तर त्या दिवशी सकाळी गर्दी होती. भाऊ टपाल घेऊन वरच्या ऑफिसला गेले होते. रांगेतली एक मुलगी खिडकीशी आली. डोक्याला स्कार्फ, अर्धं तोंड झाकलेलं. हिरवा कागद तिनं पुढे सरकवला आणि हळूच म्हणाली, "मावशी." तेव्हा मी ओळखलं. भाऊंची मुलगी! सुट्टीवर आली आहे हे मला माहीत होतं. मला काय, ते विमान उतरायच्या आत सगळ्यांना माहीत होतं.

"अगं, तू! आणि हे काय?"

"हळू बोला, मावशी. नोटीस लावल्याशिवाय होत नाही का?"

"नाही गं."

"दुसऱ्या गावच्या ऑफिसात?"

"कायमचा पत्ता इथला ना तुझा? मग इथेच."

"मग तुम्ही लावाल? बाबांना न कळता?"

"किल्ली त्यांच्या कमरेला असते, बाळ."

तिनं स्कार्फ आणखी ओढून घेतला. मग भराभर बोलली. मुलगा तिकडचाच, दारं-खिडक्या बनवतो. त्याचं पहिलं लग्न मोडलेलं, पण माणूस चांगला आहे. तारीख घेऊन ठेवली आहे, पण दाखला दाखवला नाही तर ती जाणार. सुट्टी जेमतेम नोटिशीची मुदत संपेपर्यंतची. आणि भीती आत्याची. भाऊंची थोरली बहीण. तिनं मागेच बजावून ठेवलं होतं, परक्याशी लग्न केलंस तर मी उभी राहून मोडेन. आणि मोडणं अवघड नव्हतं हो. हरकतीला कारण लागतं, पण ते खरं की खोटं हे चौकशीत ठरतं. "हिचं आधी एकदा लग्न ठरलं होतं, ते लागलंच होतं," एवढं आत्यानं लिहून दिलं असतं तरी पोरीची तारीख गेली असती.

"बाबांना कळलं की आत्याला कळलं," ती म्हणाली. "परदेशात लग्न करायची मला काय हौस आहे, मावशी? ह्या पेटीत नाव लागू नये म्हणून एवढ्या लांब गेले. तर पेटी तिथेही पुढ्यात आली."

मी काही बोलणार, तेवढ्यात जिन्यातून आवाज. "वरचं ऑफिस बंद! कोणी मोठे साहेब वारले म्हणे. म्हटलं चला, आपल्या गादीवर!" भाऊ टपाल तसंच घेऊन परत आले होते. मुलीनं पाठ फिरवली. पण खिडकीच्या फळीवरचा हिरवा कागद भाऊंच्या नजरेतून सुटतोय थोडाच!

"अरे वा! हिरवा कागद! मंडळी, परदेशी पाखरू आलंय, जरा सरका, बघू तरी." बाकड्यांवर हशा. भाऊंना तेवढंच पुरे. "कोणाची लेक गं तू, बाळ? लाजतेस काय? आज ना उद्या मला वाचायचंच आहे ते. संध्याकाळी तुझ्या बापाला गोड बातमी द्यायला मीच जातो की नाही बघ! सांग, कोणाची लेक?"

तिनं स्कार्फ खाली केला आणि वळली. म्हणाली, "तुमची."

एकजण हसला, त्याला वाटलं गंमत चालली आहे. भाऊसुद्धा सवयीनं अर्धवट हसले. मग त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं कसं हे त्यांना कळेना.

"अगं, पण मला... बापाला सांगायचं नाही?"

"तुम्ही टपालाला जाता ती वेळ बघून आले होते, बाबा." आवाज चढवला नाही तिनं. बाकड्यांकडे बोट केलं. "तुम्हाला सांगितलं म्हणजे ह्यांना सांगितलं."

तिनं सही केली, पेन नीट टोपण लावून मला परत दिलं आणि जिना उतरून गेली. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते मी त्या दिवशी एका माणसाच्या चेहऱ्यावर बघितलं. रोज ज्या मंडळींना भाऊ खुलवायचे, त्यांच्याच समोर उभे होते, आणि टपालाची पिशवी खाली ठेवायचंही सुचत नव्हतं.

दुपारी डबा खायला मी जुन्या फायलींच्या खोलीत गेले तर भाऊ आधीच तिथे, डबा न उघडता बसलेले.

"तुम्हाला काय म्हणाली ती?"

"ऐकवेल?"

"सांगा."

मी सांगितलं. काही पदरचं घातलं नाही, काही गाळलं नाही. त्यांच्याच पद्धतीनं, जे आहे ते. पेटीचं सांगितलं, आत्याचं सांगितलं. राग होता माझ्या पोटात बऱ्याच वर्षांचा, तोही थोडा आवाजात आला असेल.

"मी खोटं कुठे..." त्यांनी सुरुवात केली आणि स्वतःच थांबले. डब्याच्या झाकणावर नख घासत राहिले. मग म्हणाले, "बाई, त्या टेलरच्या मुलीचं पुढे काय झालं?"

"मला काय विचारता? गावाची खबर तुमच्याकडे."

"नाही कळलं. मी विचारलंच नाही." आणि थोड्या वेळानं, "माझ्या मुलीच्याच वर्गात होती ती. घरी यायची अभ्यासाला. मी टेलरला सांगून आलो त्या दिवशी घरी येऊन हेही सांगितलं होतं, बाई. जेवताना. हसत हसत. ही तेव्हा ताटावरून उठून गेली होती. मला वाटलं, पोट बिघडलं असेल."

मी माझा डबा बंद केला.

"लाज वाटते," भाऊ म्हणाले. "बाहेर बाकड्यांवर माणसं बसलीत ना, त्यांच्यापुढून जायची लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी नोटीस लावायची होती. खरं सांगते, मला वाटलं होतं, भाऊ ती दुसऱ्या कागदाच्या मागे सरकवतील. मीही दुसरीकडे बघणार होते. भाऊंनी पेटी उघडली आणि मुलीची नोटीस मधोमध लावली, चारी कोपऱ्यांना टाचण्या. मी जवळ जाऊन पुटपुटले, "जरा बाजूला लावली असती तर?"

"नको. झाकली आणि पुढे कोणी उकरून काढलं तर दाखला खोटा ठरेल. तिचं तिकडचं लग्न लटकेल. आपल्यामुळे एकदा लटकलं तेवढं बस झालं."

बाकड्यावरचे रिकामटेकडे वाट बघत होते. "हं, भाऊ, होऊन जाऊ द्या!" भाऊंनी कपाळावरचा चष्मा काढला, खाली नाकावर न घेता घडी करून खिशात घातला. "आजपासून ज्यानं त्यानं आपापलं वाचावं," म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले. आता गंमत बघा, त्यातल्या एकानंही उठून वाचलं नाही. फुकटचं ऐकायची सवय. दोन-तीन दिवसांत त्यांनी यायचंच सोडलं.

महिनाभर त्या माणसाला मी बघत होते. घरी जायचा नेहमीचा रस्ता सोडला. एसटीच्या आगाराच्या भिंतीकडेनं, जिथे ना दुकान ना ओळखीचं दार, असा लांबचा वळसा घालायचे. कोणी "काय खबर?" विचारलं की "काही नाही." घरी बायकोलाही सांगितलं नाही. म्हणाले, "ती बिचारी, ताईनं दरडावून विचारलं तर दोन मिनिटांत सांगून टाकेल. माझ्याच संगतीत मुरली." नवरा एवढा मुका झालेला बघून त्या माउलीनं घाबरून त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं आ करायला लावून बॅटरीनं बघितलं. "म्हणे घसा ठणठणीत आहे," भाऊंनी मला सांगितलं. मी हसले, तेही हसले, पण लगेच मान खाली घातली. "घरी पोरगी माझ्या तोंडाकडे बघते, बाई. जेवताना. मी घासासाठी तोंड उघडलं तरी दचकते."

आणि मुदत संपत आली तेव्हा ती आत्या आली. नोटिशीसाठी नाही हो, तिला नातवाच्या जन्मदाखल्याची नक्कल हवी होती, ती शेजारच्या खिडकीत मिळते. जाड काठी, त्याहून जाड आवाज. नक्कल तयार होईपर्यंत पेटीखाली येऊन बसली. वर बघून डोळे बारीक केले. चष्मा घरी राहिला होता.

"काय रे, हल्ली वाचत नाहीस म्हणे? वाच बघू. मला लांबचं दिसत नाही."

माझ्या हातातला शिक्का हातातच राहिला.

"नाही वाचत, ताई," भाऊ म्हणाले.

"का?"

"नोटीस लावायची असा नियम आहे. वाचून दाखवायची असा नियम नाही."

"अरे, मग इतकी वर्षं काय करत होतास?"

"चुकत होतो."

"मोठा आला चुकणारा! एवढं काय लपवतोयस? कोणाचं लफडं आहे त्यात?" आवाज तिचा जिन्याच्या खालपर्यंत जात होता. "अख्ख्या गावाची धुणी धुतलीस आणि बहिणीनं विचारलं तर नियम? जिभेला हाड नाही म्हणून लोक हसत होते तुला, आता डोकंही गेलं म्हणतील! दवंडी म्हणतात तुला, दवंडी! आमची मान खाली गेली तुझ्यापायी."

"माझीही गेली, ताई," भाऊ म्हणाले. "तुला आज कळलं, मला महिन्यापूर्वी."

रांगेतली माणसं ऐकत होती. त्यातल्या निम्म्यांना मधल्या नोटिशीत कोण आहे हे ठाऊक होतं, त्या सकाळी तिथेच अर्ज द्यायला आली होती ती, आणि बाकड्यांवरच्यांसकट महिनाभर कोणी बाहेर बोललं नव्हतं. आत्या त्यांच्याकडे वळली. "कोणी वाचून दाखवता का रे?" माझ्या खिडकीसमोरचा माणूस, बँकेत वगैरे नोकरीला असावा, खिसे चाचपून म्हणाला, "माझाही चष्मा घरी राहिला, आजी." त्याच्या नाकावर चष्मा होता! आत्याला तेवढंही दिसत नव्हतं. मागचा म्हणाला, "मला अक्षर लागत नाही." तिसऱ्यानं मोबाइलमध्ये तोंड घातलं. आत्या नक्कल घेऊन काठी आपटत गेली. भाऊंनी त्या रांगेकडे बघितलं आणि हात जोडले. मी पुढचा अर्ज घेतला.

हरकत आली नाही. दाखला तयार झाला, वरच्या ऑफिसचा शिक्का भाऊ स्वतः जाऊन घेऊन आले. मुलगी न्यायला आली. ह्या वेळी तोंड झाकलेलं नव्हतं. दाखला बघितला, पिशवीत ठेवला आणि बापाला विचारलं, "कोणाला सांगितलंत?"

"कोणालाही नाही."

"आईला?"

"आईलाही नाही. तू सांग, तुझं आहे ते."

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवत असावी. मी आपली उगाच कागद चाळत होते. शेवटी भाऊ म्हणाले, "लग्नाला तिकडे... माणसं किती लागतात?"

"दोन साक्षीदार पुरतात, बाबा. आमचे तिथले आहेत."

"बरं," भाऊ म्हणाले. "बरोबर आहे. नियमाप्रमाणे दोनच."

निघताना तिनं विमानतळावर आईला सगळं सांगितलं. घरी आल्यावर भाऊंच्या बायकोनं त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. सगळ्या जगाला सगळं सांगणारा माणूस, आणि मला एवढं सांगता आलं नाही?

पुढे काही दिवसांनी, ऑफिस भरात असताना, पेटीची काच पुसता पुसता भाऊंचा मोबाइल वाजला. मला खिडकीतून दिसत होतं. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं, भिंतीकडे तोंड केलं. "हो," म्हणाले. "हो... बरं... तोही बोलतोय का? बरं, बरं." फोन खिशात टाकला. मग काचेचं दार लावलं, कुलूप घातलं आणि येऊन माझ्या खिडकीच्या रांगेत उभे राहिले. सगळ्यांच्या शेवटी.

"अहो भाऊ, रांगेत काय उभे राहता? आत या की!"

नुसता हात केला त्यांनी, असू दे म्हणून. पुढची माणसं सरकत गेली तसे सरकत आले. त्यांचा नंबर आला तेव्हा मागे आणखी रांग वाढली होती. खिडकीच्या भोकाशी वाकले. डोळे लाल, पण कोरडे.

"बाई, मुलीचं लग्न झालं."

"अहो, अभिनंदन! कधी?"

"आत्ताच. परवाना मिळाला, तिथल्या तिथे लागलं. ती म्हणाली, बाबा, आता खुशाल सांगा सगळ्यांना."

"मग सांगा की हो! वाट कसली बघताय?"

भाऊंनी मागे वळून बघितलं. रांग जिन्यापर्यंत गेली होती, बाकडी भरलेली, सगळे आमच्याकडेच बघत होते. असे कान एरवी भाऊंना मिळाले असते तर सोनं झालं असतं. त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा माझ्याकडे वळले आणि आणखी हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला सांगितलं ना, बाई. तुम्ही कोणाला सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हणाले. भाऊ बाजूला झाले, मागच्या माणसाला पुढे यायला जागा करून दिली आणि फडकं घेऊन पुन्हा काच पुसायला गेले.